एकतिसाव्या भागातली बहीण

माझ्या लेकीनं अंथरूण धरलं ते तापानं नाही की प्रेमभंगानं नाही, स्वतःच लिहिलेल्या कादंबरीपायी. शेजारणीला हे सांगायची काही सोय नव्हती. मी सांगितलं, पाठ धरलीय.

कादंबरी म्हणजे पुस्तक नव्हे. मोबाइलवर एक ॲप असतं, त्यावर आठवड्याला सहा भाग टाकायचे, रविवारी सुट्टी. जादू, तलवारी, आकाशात उघडणारी दारं, सगळा तसला मामला. नाव ‘सात दारांचा राखणदार’. सोळा महिने ती हे लिहीत होती, चारशे बारा भाग झाले होते आणि काही हजार माणसं ते रोज वाचत होती. मी त्यांच्यातली नव्हते.

त्या शुक्रवारी ॲपवरच्या संपादिकेचा फोन आला. वाचक गळायला लागलेत, म्हणाली. येत्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत ही गोष्ट कुठं चाललीय आणि संपणार कशी ते सांग, नाहीतर करारात आहे त्याप्रमाणं आमची लेखकांची टोळी ती पुढं चालवेल. टोळी हा माझा शब्द, ती टीम म्हणाली. वर नाव लेकीचंच राहणार होतं, लिहिणारे दुसरे.

लेकीनं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “आई, तो कुठं चाललाय ते मलाच माहीत नाही.”

“कोण तो?”

“राखणदार.”

“मग बस आणि ठरव. लिहितेस तूच ना?”

आता हे बोलायची काही गरज होती का? पण माझी जीभ ही अशीच, आधी सुटते आणि मग मला कळवते. पोरगी उठून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. शनिवारी सकाळी उठली नाही. दुपारी मी ताट घेऊन गेले तेव्हा भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, “ती गोष्ट गेली तर माझ्यापाशी काही उरत नाही. मग मी तरी कशाला राहू.” आवाज चढवून नाही, रडून नाही. दूध संपलंय म्हणून सांगावं तसं.

ताट तिथंच ठेवलं आणि चौकातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या तिच्याशी अर्धा तास बोलल्या, गोळ्या दिल्या, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, हिला एकटी सोडू नका, गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, आणि जरा जरी वेगळं वाटलं तर मला कुठल्याही वेळी फोन करा. मी गोळ्या माझ्या उशीच्या अभ्र्यात घातल्या. ती न्हाणीघरात गेली की मी बाहेर स्टूल टाकून बसायची आणि काहीबाही विचारत राहायची. साबण आहे का? टॉवेल घेतलास का? नळ नीट बंद होतोय का? तिनं आतून ‘हो’ म्हटलं की मी पुढचा प्रश्न शोधायची. बासष्टाव्या वर्षी माझ्यावर ही वेळ आली होती.

मला करता काय येतं, तर वाचता येतं. छापखान्यात तेहतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. शब्दकोश तपासले, कायद्याची पुस्तकं तपासली, एकदा तर एका डॉक्टरांचं आतड्यावरचं नऊशे पानी पुस्तक दोनदा वाचलं. आमच्या धंद्याचा एक दंडक असतो: काना-मात्रा आपली, मजकूर लेखकाचा. मजकुरात काही खटकलं तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं, शंकेच्या कागदावर शंका लिहायची आणि गप्प बसायचं. उत्तर लेखकानं द्यायचं. तेहतीस वर्षांत मी एकाही लेखकाचं एकही वाक्य बदललं नाही. घरी मात्र सगळ्यांची वाक्यं बदलत आले, ते वेगळं.

म्हणून मी ठरवलं, गुरुवारच्या आत सगळे चारशे बारा भाग वाचायचे. तो मेला राखणदार कुठं चाललाय ते कुठंतरी लिहिलेलं असणारच. लेखक विसरतो, कागद विसरत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मोबाइलवर वाचायला मला जमत नाही. धाकट्या जावेला दोन तास लेकीपाशी बसवलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले. सगळं छापून दे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं.

“काकू, सगळं?”

“सगळं. दोन्ही बाजूंनी.”

“मी पण वाचायचो हे.”

“मग सोडलंस का?”

तो कान खाजवत उभा राहिला. “सुरुवातीला मजा यायची हो. मग त्याला सगळंच यायला लागलं. कुणी मारलं तर उठतो, कुणी अडवलं तर नवी शक्ती मिळते. त्याला काही होणारच नाही म्हटल्यावर आपला जीव कशाला टांगणीला लावायचा?”

मशीन दीड तास चाललं. दोन पिशव्या भरून मी कागद घरी आणले, लेकीच्या खोलीबाहेर टेबल ओढलं, तिची पाठ दिसेल अशी खुर्ची ठेवली आणि वाचायला बसले.

पहिला भाग मी आधी वाचलेला होता. दोन ओळी वाचल्या आणि आठवलं. सोळा महिन्यांपूर्वी तिनंच कागदावर काढून आणून दिला होता. “आई, वाचशील?” म्हणाली होती. मी वाचला, सवयीनं लाल पेन घेऊन. सत्तावीस चुका काढल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा, बाकी विरामचिन्हं. कागद परत दिला आणि कांदा चिरायला गेले. गोष्ट कशी आहे ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर तिनं मला काही वाचायला दिलं नाही, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, ही जादूची भुतं आपल्या मानगुटीवर नकोत.

आता खरं सांगते, तो पहिला भाग चांगला आहे. गावाला आग लागलीय. चौदा वर्षांचा पोरगा, हाच पुढचा राखणदार, आपल्या सात वर्षांच्या बहिणीला, बिट्टीला, घरामागच्या धान्याच्या तळघरात उतरवतो. मारेकरी गावात शिरलेत. तो म्हणतो, मी येईपर्यंत आवाज करायचा नाही. बाहेरून कडी घालतो, वर गवत पसरतो आणि पळत सुटतो. पोरीनं हे लिहिलं आणि मी स्वल्पविराम मोजले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पहिले तीस भाग असेच आहेत. पोरगा एका जादूच्या शाळेत पोचतो, शिकतो, मार खातो, आणि रोज त्याला एकच ध्यास, परत जाऊन कडी काढायची. वाचणारा त्याच्याबरोबर धावतो, कारण तो कशासाठी धावतोय ते ठाऊक असतं.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, कुणीतरी गाडीचं चाक काढून घेतल्यासारखं झालं. स्पर्धा सुरू झाल्या. तलवारीची स्पर्धा, मंत्रांची स्पर्धा, मग सात राज्यांची स्पर्धा. एकूण नऊ. प्रत्येक स्पर्धेत शेवटी हा जिंकणार. हरायला लागला की छातीत काहीतरी पेटायचं आणि नवी शक्ती मिळायची. नव्वदाव्या भागात कुठलंही दार नुसत्या नजरेनं उघडायला शिकला. दोनशेदहाव्या भागात काळ थांबवायला शिकला. आता ज्याला काळ थांबवता येतो त्याला अडचण ती कसली यायची? पण भागाच्या शेवटी काहीतरी संकट हवंच, म्हणून दर भागाला कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की तो मित्रच होता.

मी शंकेचा कागद केला. घोडा एकशेचारमध्ये मेला, एकशेएकोणीसमध्ये त्यावर बसून कोण आलं? राजकन्येचे डोळे कधी निळे, कधी हिरवे, एकदा तर एकाच पानावर दोन्ही. काळा गुरू, म्हणजे ह्या गोष्टीतला खलनायक, चार वेळा मेला. ‘त्याच्या डोळ्यांत वीज चमकली’ हे वाक्य मी मोजायला घेतलं आणि दोनशेच्या पुढं सोडून दिलं. कागद भरला, दुसरा घेतला. शिवाय सुरुवातीपासूनच एक वेगळा कागद ठेवला होता, त्यावर मथळा ‘हरवलेली माणसं’. म्हणजे कथेत आली, हसली, रडली, वचन देऊन गेली आणि पुन्हा कधी दिसली नाहीत ती. अशी त्रेसष्ट निघाली.

प्रत्येक भागाखाली वाचकांचे शेरेही छापून आले होते. एक म्हणतो स्पर्धा आणा, दुसरा म्हणतो राजकन्या आणा, तिसरा म्हणतो काळा गुरू परत हवा. आणि मध्येमध्ये ॲपनं घेतलेलं मतदान. पुढं काय वाचायला आवडेल, अ, ब की क. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ‘अ’ हजर. माझ्या लक्षात यायला लागलं की सोळा महिने माझी पोरगी कादंबरी लिहीत नव्हती, हॉटेलात ऑर्डर घेतात तशी ऑर्डर घेत होती. आणि भाग जसजसे पुढं गेले तसतशी वाक्यं आखडत गेली. चारशेच्या पुढं तर नुसतं ‘तो थबकला. ती हसली. वीज चमकली.’ दमलेल्या माणसाचा हात कागदावर दिसतो. मी छापखान्यात कितीकांचा बघितलाय, पण ते माझे कुणी नव्हते.

बुधवारी दुपारी चारशे बारावा भाग संपला. मी हात टेकले. तो कुठं चाललाय ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग नुसतं काहीतरी करायचं म्हणून हरवलेल्या माणसांची यादी पुन्हा चाळायला घेतली, कोण कितव्या भागात शेवटचं दिसलं ते. यादीत पहिलंच नाव बिट्टीचं होतं. ते मी रविवारीच लिहिलं होतं, कारण एकतिसाव्या भागानंतर दोन-तीन भाग ती आली नाही. येईल म्हणून पुढं जागा मोकळी सोडली होती. जागा मोकळीच होती.

मी पुन्हा एकतिसावा भाग काढला. पोरगा बहिणीची रिबीन हातात घेऊन बसलाय. मित्राला सांगतो, उद्या पहाटे निघू. खाली मतदान आहे. बत्तिसाव्या भागात स्पर्धेचा नगारा वाजतो. त्यानंतर तिचं नाव नाही. तीनशे एक्याऐंशी भाग, कथेतली तीन वर्षं, सात राज्यांची सात दारं उघडली मेल्यानं, आणि घरामागची एक कडी काढली नाही.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. चष्मा तसाच नाकावर घेऊन मी आत धावले.

“सापडलं,” मी म्हटलं. “अगं, तो बिट्टीकडं चालला होता. बिट्टी राहिलीय तळघरात. तू विसरलीस तिला.”

लेक वळलीसुद्धा नाही. “विसरले नाही,” म्हणाली.

“म्हणजे?”

“रोज आठवायचं. त्या दिवशी मतदानात स्पर्धा आली. संपादिका म्हणाली, आधी स्पर्धा घे, पोरगी पुढं कधीही आणता येईल. मी म्हटलं, दहा भागांनी आणू. मग वीस. मग त्याला दारं उघडायला यायला लागली. आई, त्याला नजरेनं दार उघडता येतं. काळ थांबवता येतो. आता तो गेला तर पहिला प्रश्न काय येईल? इतके दिवस का नाही आलास. मला उत्तर येत नाही. म्हणून त्याला दुसरीकडंच पळवत बसले.” मग अगदी हळू म्हणाली, “आणि आता गेला तरी काय सापडणार त्याला? सात वर्षांची होती. मी बाहेरून कडी घातली आणि स्पर्धा लिहीत बसले. डोळे मिटले की मला ते तळघर दिसतं.”

माझी तेहतीस वर्षांची हुशारी तिथंच गळून पडली. तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले तर तिनं डोकं बाजूला घेतलं. मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. मला वाटलं होतं गोष्टीतली चूक सापडली की पोरगी उठून बसेल. इथं तर चूक तिला आधीपासून माहीत होती आणि तिच्याचखाली ती चिरडली होती.

गुरुवारी सकाळपासून मी उत्तर शोधत होते. त्याला कुणी कोंडून ठेवलं होतं? नाही, मोकळा हिंडत होता. बहीण मेली असं त्याला कुणी खोटं सांगितलं? नाही, तसं कुठं आलेलं नाही. बहीणच शेवटी खरी काळी गुरू निघते? शी. सगळी ठिगळं. जे सुचेल त्याच्या समासात मी मनातल्या मनात प्रश्नचिन्ह काढत होते. मग निदान एक गोष्ट नीट बघावी म्हणून दुसरा भाग काढला, तळघराचं वर्णन आहे तो, आणि तो तीनदा वाचला.

पावणेबाराला लेकीचा फोन वाजला. तो माझ्याकडंच होता. संपादिका.

“काकू, तिला देता का?”

“निजलीय. बरं नाही तिला.”

“अरे बापरे. काकू, पण बारापर्यंत मला वर कळवायचंय. काही ठरलंय का तिचं?”

मी म्हटलं, ठरलंय. आणि बिट्टीचं सांगितलं. बाई वाईट नव्हती. तिच्याकडं अशा चाळीस कादंबऱ्या आहेत, सगळ्यांच्या घोड्यांची नावं लक्षात ठेवता ठेवता तिच्याही नाकी नऊ येत असणार. ती खूश झाली.

“छान आहे हे काकू. तळघरातली बहीण. फक्त तीन वर्षं का गेला नाही ते लागेल. आपण असं करू, काळ्या गुरूनं त्याची आठवण पुसली होती. एका भागात काम होतं. मी वर सांगते, कादंबरी तिच्याकडंच राहील. तुम्ही फक्त हो म्हणा, मी लिहून घेते.”

‘हो’ माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. एक ‘हो’ म्हटलं की पोरीचं सगळं पोरीकडं राहत होतं. पण हाडात मुरलेली खोड. मी विचारलं, “पुसली म्हणजे कधी पुसली? एकतिसाव्या भागात रिबीन आहे त्याच्या हातात.”

“नंतर कधीतरी. दाखवू ना आपण.”

“एकशेबाराव्या भागात तो आपल्या गावाचं गाणं म्हणतो. म्हणजे गाव आठवतं.”

“काकू,” ती हसून म्हणाली, “इतकं कोण बघतं?”

झालं. माझं डोकं फिरलं. “मी बघते,” मी म्हटलं. “आयुष्यभर तेवढंच केलंय. त्याची काही आठवण-बिठवण पुसलेली नव्हती. त्याला सगळं आठवत होतं आणि तो गेला नाही. तुमचं हे खोटं आम्हाला नको.”

“काकू, मग मला नाही असं लिहावं लागेल.”

“लिहा.”

आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. माझी कादंबरी नव्हती ती. ज्या बाईनं तेहतीस वर्षांत परक्याचं एक वाक्य बदललं नाही, तिनं रागाच्या भरात पोटच्या पोरीचं सगळं लिहिणं एका शब्दात देऊन टाकलं होतं, तिला न विचारता. आणि ती गोष्ट गेली तर मी कशाला राहू, असं ती पाच दिवसांपूर्वी म्हणाली होती. मी संपादिकेला उलटा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. घड्याळात बारा वाजून गेले. डॉक्टरीणबाईंचा नंबर समोर काढून ठेवला आणि आत गेले, कारण हे लपवायची हिंमत माझ्यात नव्हती.

खाटेच्या कडेला बसले. “फोन आला होता,” मी म्हटलं. “मी नाही म्हटलं. कादंबरी गेली. माझ्यामुळं गेली.”

ती हलली नाही. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. पाठ वर-खाली होतेय का तेवढंच बघत होते. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, होत नव्हती. ती गाडी चालू होऊन निघून गेली.

मग लेक म्हणाली, “का नाही म्हटलंस?”

“ती म्हणाली, त्याची आठवण पुसली होती असं लिहू. ते खोटं आहे.”

“मग तो का गेला नाही?” ती वळली. सहा दिवसांनी तिचा चेहरा मला समोरून दिसला. “सांग ना आई. तू सगळं वाचलंयस. का नाही गेला तो?”

शंका काढायचं काम माझं. उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पण हे एक उत्तर मला येत होतं. सकाळपासून येत होतं, नुसती जीभ रेटत नव्हती.

“त्याला वाटलं, ती बरी असेल,” मी म्हटलं. “डोक्यावर छप्पर आहे, खायला आहे, काय व्हायचंय तिला. उद्या जाऊ. मग जितके दिवस गेले तितकी जायची लाज वाटायला लागली. मंत्र नव्हता आणि तंत्र नव्हतं. मी ह्या भिंतीच्या पलीकडं बसायची बये. तुझ्या बोटांची टकटक ऐकू यायची. मी रेडिओ मोठा करायची. सोळा महिने. माझी आठवण कुणी पुसली नव्हती.”

मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, रागानं की कशानं ते मला कळेना.

“आणि ती जिवंत आहे,” मी म्हटलं.

“कोण?”

“बिट्टी. दुसरा भाग, सातवी ओळ. तळघराच्या भिंतीतून विहिरीचं पाणी झिरपतं, खाली दगडी कुंडी आहे. आणि तीन घरांचं वर्षभराचं धान्य. तीन घरांत मिळून अकरा माणसं होती. म्हणजे एका पोरीला तीन वर्षं पुरून उरतं. मी हिशेब केलाय.”

“मी लिहिलं होतं तसं?”

“तूच लिहिलंयस. मी काही घातलेलं नाही.”

तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि छताकडं बघत राहिली. मला धीर आला नव्हता, पण थांबताही येत नव्हतं. न्हाणीघराबाहेर विचारायची तसंच विचारलं, काहीतरी बोलत राहावी म्हणून.

“समजा तो गेला. गवत बाजूला केलं. कडी काढली. मग?”

“उजेड जातो आत,” ती म्हणाली. “तिला सहन होत नाही. ती डोळ्यांवर हात घेते.”

“ओळखते का त्याला?”

“लगेच ओळखते.”

“रडते?”

“नाही.”

“मग काय म्हणते?”

तिनं छतावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, “ती म्हणते, दार लाव.”

कळलं मला. तेवढा हक्क तिला होता. मी डोळे पुसले, उठले, खोलीबाहेर पाऊल टाकलं आणि दार ओढून घ्यायला हात घातला.

“आई,” ती आतून म्हणाली. “तो बाहेर जात नाही. आत येतो आणि मग लावतो.”

मी आत आले, दार लावलं आणि तिच्या खाटेशी जमिनीवर बसले.